तापलेलं आउटबोर्ड पुन्हा सुरू होत नाही, सीडीआय बदलावा का?

दादा, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच दुखण्याबद्दल बोलतोय हे नक्की होईल. सारसोळ्याच्या बाजूने खाडीत जाणारी फायबरची होडी. मागे ४० हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन, कार्बोरेटरवालं, दोरी ओढून सुरू करायचं. सकाळी दुसऱ्या ओढीत उठतं. जाळ्यापर्यंत जाताना काही कुरकुर नाही. तिथे बंद करून वीस-पंचवीस मिनिटं जाळं उचललं की मग हात दुखेपर्यंत ओढा, फट् म्हणून आवाज नाही. अर्धा-पाऊण तास गेला की काही झालंच नव्हतं असं सुरू. थंडीत हा त्रास नव्हता, एप्रिल लागला तसा वाढला. प्लग नवे टाकलेत, कार्बोरेटर दोनदा साफ करून झाला, आणि आता मेकॅनिक सीडीआय, म्हणजे ठिणगीचा करंट सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, बदलायला सांगतोय. तो बदलू का, असं तुम्ही विचारलंय.

अजून बदलू नका. सीडीआय गेलेला असू शकतो, नाही असं नाही, पण तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून ते ठरत नाही. मशीन बिघडतं खाडीत, तापलेलं असताना. आणि तपासलं जातं धक्क्यावर, गार झाल्यावर. गार मशीनमध्ये करंटही दिसतो, पेट्रोलही येतं, कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाबही लागतो. मग मेकॅनिक अंदाजाने एकेक भाग बदलत जातो आणि पैसे तुमचे जातात. दिवाळे-बेलापूरच्या बाजूला मी हीच कामं करतो. उन्हाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या अशा बऱ्याच मशीनांमध्ये आधीच कुणीतरी चांगले भाग काढून नवे घातलेले असतात. तेव्हा तपासणी तिथेच व्हायला हवी, पहिल्या पाच मिनिटांत, मशीन उठत नाही तेव्हाच. गार होऊन सुरू झालं की पुरावा गेला.

मी तुमचं मशीन पाहिलेलं नाही. ते किती जुनं आहे, पेट्रोलची नळी कधी बदलली, टाकी उन्हात असते की सावलीत, इंपेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) शेवटचा कधी बदलला, यावर बरंच काही अवलंबून आहे. त्यामुळे खाली जे सांगतोय ते मी स्वतः ज्या क्रमाने शोधलं असतं त्या क्रमाने.

आधी उष्णतेचं गणित समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नातलं ‘वीस-पंचवीस मिनिटं’ हे महत्त्वाचं आहे. मशीन चालू असतं तेव्हा खाडीचं पाणी ब्लॉकमधून, म्हणजे सिलिंडर असलेल्या धातूच्या ठोकळ्यातून, सतत फिरत असतं. बंद केलं की पंप थांबतो, पाणी खाली उतरतं, पण ब्लॉकमधली उष्णता कुठे जाणार? वर झाकण बंद, आत वारा नाही. ती उष्णता शेजारच्या कार्बोरेटरमध्ये, फ्युएल पंपात आणि नळ्यांमध्ये शिरते. म्हणजे चालू मशीनच्या कार्बोरेटरपेक्षा बंद करून पंधरा मिनिटं झालेल्या मशीनचा कार्बोरेटर जास्त गरम असतो. बंद केल्या केल्या दोन मिनिटांत ओढलं तर सुरू होतं का, हे एकदा करून बघा. दोन मिनिटांनी होत असेल आणि वीस मिनिटांनी नाही, तर माझा पहिला संशय पेट्रोलवर. दोन मिनिटांनीही होत नसेल, किंवा चालता चालताच मिसिंग येत असेल, तर करंटकडे किंवा कॉम्प्रेशनकडे बघायचं. हा पुरावा नाही, दिशा आहे. पण ती फुकट मिळते.

पेट्रोल पाण्यासारखं एकाच तापमानाला उकळत नाही. त्यातले हलके भाग ३५-४० अंशांपासूनच वाफ व्हायला लागतात. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल एकटं ७८ अंशांना उकळतं, पण पेट्रोलमध्ये मिसळलं की ते मिश्रण कमी तापमानालाच जास्त वाफ सोडतं. नव्या मुंबईच्या मे महिन्यात, काळ्या झाकणाखाली, बंद मशीनच्या कार्बोरेटरमध्ये काय होत असेल याचा अंदाज करा.

आता यातली गोम अशी की एकाच उष्णतेने दोन उलट बिघाड होतात. नळीत किंवा फ्युएल पंपात वाफ धरली तर पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचत नाही, मशीन उपाशी. पण कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून आत सांडलं तर मशीन ओव्हरफ्लो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात: दोरी ओढा, काही नाही. उपाय मात्र उलटे आहेत. उपाशी मशीनला पेट्रोल हवं, ओव्हरफ्लो झालेल्याला हवा हवी. ओव्हरफ्लो झालेल्या मशीनवर चोक ओढून दहा वेळा दोरी मारणं म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पाजणं, आणि नेमकं हेच सगळे करतात. तापलेल्या मशीनला चोक लावायचाच नाही, ही सवय आजपासून करा.

तर पुढच्या वेळी उठलं नाही की सर्वात आधी नांगर टाका. सुकती म्हणजे ओहोटी लागलेली असेल तर हे विसरू नका. ठाणे खाडीत अर्ध्या तासात होडी चिखलावर बसते आणि मग मशीन सुरू होऊनही काही उपयोग नसतो. नांगर धरला की टाकीकडे या.

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. तो बंद असेल तर चालू मशीन टाकीतलं पेट्रोल ओढत राहतं, आत हवा येत नाही, आणि काही वेळाने पेट्रोल यायचं थांबतं. हे बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसतं ते उलटं: मशीन बंद आहे, स्क्रूही बंद आहे आणि टाकी उन्हात तापतेय. आत दाब वाढतो, तो दाब पेट्रोलला नळीतून ढकलत कार्बोरेटरच्या नीडल व्हॉल्व्हपाशी (वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी सुई) नेतो, आणि जुना नीडल व्हॉल्व्ह तेवढा दाब पेलत नाही. जाळं उचलत असताना तुमचं मशीन गपचूप पेट्रोल पीत बसतं. स्क्रू सैल करताना फुस्स आवाज आला आणि टाकीच्या पोटाचा फुगवटा उतरला तर हे घडलंय असं समजा. उपाय साधा: थांबताना स्क्रू उघडा ठेवा, किंवा मशीनकडची नळीची क्लिप काढून ठेवा. टाकी फळीखाली सावलीत ठेवा, वर ओलं गोणपाट टाका.

मग नळीवरचा रबरी फुगा. बाण वरच्या दिशेला धरून दाबा. चार-सहा वेळा दाबून कडक झाला तर पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत आहे. दाबत राहिलात तरी मऊच राहिला तर नळीत वाफ आहे किंवा कुठून तरी हवा शिरतेय. अशा वेळी दुसऱ्या माणसाला फुगा घट्ट दाबून धरायला सांगा आणि तुम्ही दोरी ओढा. दाबाखाली वाफ दबते, पेट्रोल पुढे सरकतं. असं केल्यावर मशीन उठलं तर निम्मं निदान तिथेच झालं. झाकण उघडून फ्युएल पंपावर आणि नळीवर ओलं फडकं गुंडाळून दोन मिनिटं थांबणं हीसुद्धा चांगली परीक्षा आहे. फडकं फक्त पेट्रोलच्या भागांवर. तापलेल्या ब्लॉकवर किंवा कॉइलवर बादलीने पाणी मारायचं नाही, असं करणारेही मी पाहिलेत.

त्यानंतर प्लग काढा. हातमोजा घाला, तो भाजतो. वरचा आणि खालचा प्लग वेगळे ठेवा आणि नीट बघा. ओले, पेट्रोलचा वास मारणारे असतील तर ओव्हरफ्लो. कोरडे असतील तर पेट्रोल येत नाही. एक ओला आणि एक कोरडा असेल तर तेही लिहून ठेवा, त्याचा अर्थ वेगळा असतो. ओले असतील तर पेट्रोलची नळी काढा, चोक आत, थ्रॉटल न्यूट्रलमध्ये जितका उघडेल तितका उघडा, प्लग बाहेर असतानाच आठ-दहा वेळा दोरी मारा. यावेळी स्टॉप स्विचची लेस (स्विचला अडकवायची सेफ्टीची दोरी) काढलेली असू द्या, म्हणजे ठिणगी पडणार नाही. सिलिंडरमधून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. बिडी-सिगारेट कुणाच्या हातात नाही ना, ते बघा. प्लग कोरडे करून लावा आणि चोक न लावता ओढा.

इथपर्यंत आलात की बहुतेक वेळा कारण सापडलेलं असतं. फुगा मऊ आणि प्लग कोरडे निघाले तर धक्क्यावर येऊन टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची अख्खी नळी, फुग्यासकट, बदला. तुकड्यातुकड्याने बदलू नका. जुन्या नळीचा आतला पापुद्रा इथेनॉलने सुटतो. गार असताना तो जागेवर चिकटलेला असतो, गरम झाला की मऊ पडून ओढीने आत बसतो आणि वाट अडवतो. बाहेरून नळी नव्यासारखी दिसते. कार्बोरेटर दोनदा साफ करूनही फरक पडला नाही म्हणता, त्याचं कारण हे असू शकेल. क्लिपांमधल्या बारीक ओ-रिंगही बदला, त्यांतून हवा शिरते आणि पेट्रोल बाहेर गळत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. फ्युएल पंपाचा डायफ्राम कधी बदलला आठवत नसेल तर तोही घ्या, त्याचं किट फार महाग नसतं. प्लग ओले निघत असतील तर नीडल व्हॉल्व्ह, त्याची सीट आणि फ्लोटची उंची. कार्बोरेटर साफ करणारा माणूस जेट फुंकतो आणि जोडतो. नीडलच्या टोकावर पडलेली रिंग बघायला भिंग लागतं.

ऑइलबद्दल एक सांगतो. उन्हाळा आहे म्हणून हात सैल सोडून ऑइल घालणारे पुष्कळ आहेत. मॅन्युअलमध्ये ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली, २४ लिटरच्या टाकीला ४८० मिली. त्याहून जास्त घातल्याने मशीन जास्त गार राहतं असं नाही. प्लग काळे होतात आणि गरम मशीनमध्ये आधीच कमजोर झालेली ठिणगी आणखी मरते. पेट्रोलही आठवड्याभराचंच भरा. इथेनॉल हवेतला ओलावा धरतं, आणि खाडीवर ओलाव्याला तोटा नाही. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळे होतात, आणि नळीचं तोंड नेमकं तळाशीच असतं.

आता कूलिंग, जे लोक या प्रश्नात विसरतात. मशीन प्रमाणाबाहेर तापत असेल तर वरचं सगळं दुप्पट होतं. मागून पडणारी पाण्याची धार रोज बघता का? नुसती पडते का एवढंच बघू नका, बोट लावा. कोमट असेल तर ठीक. हात मागे घ्यावा लागला, वाफ दिसली, किंवा धार कधी जोरात कधी बारीक होत असेल, तर आधी तिकडे बघा. आपल्या खाडीत गाळ आहे आणि प्लास्टिक आहे. पिशवी पाणी घ्यायच्या जाळीवर बसली की धार गेलीच. गाळाने इंपेलरची पाती झिजतात आणि त्याच्या घराला चरे पडतात, मग नुसता नवा इंपेलर टाकून भागत नाही, घर आणि खालची पट्टीही बघावी लागते. उथळ पाण्यात मशीन वर उचलून चिखल ढवळत चालवणाऱ्यांनी इंपेलर दरवर्षी बदलावा, हे माझं मत. थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात टाकून बघा. अशा मशीनांमध्ये तो साधारण ५० अंशांच्या आसपास उघडायला लागतो, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. मिठाने तो अडकतो. थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर घेऊ नका, मशीन हळू चालताना थंड राहतं आणि प्लग काळे पडतात.

जाळ्यापाशी पोचलात की झटकन बंद करू नका. न्यूट्रलमध्ये तीन-चार मिनिटं हळू चालू द्या, मग बंद करा आणि वरचं झाकण काढून ठेवा. आतली उष्णता बाहेर जाईल. लाटा असतील, पाणी उडत असेल, तर मात्र झाकण काढू नका. झाकण काढलेलं असताना मशीन चालू करायची वेळ आली तर वरच्या फिरत्या चाकाजवळ, म्हणजे फ्लायव्हीलजवळ, गळ्यातला गमछा, बाही, दोरी काही येऊ देऊ नका. माझ्या अनुभवात, दोष फक्त वाफेचा असेल तर एवढ्याने मे महिना निभतो.

कॉम्प्रेशनचं थोडक्यात. सकाळी दोरी ओढताना जेवढा जोर लागतो त्याहून दुपारी फारच हलकी लागते का, हे तुमच्या हाताला कळेल. शंका असेल तर मेकॅनिकला गेज घेऊन होडीवर बोलवा, मशीन गरम करा, दोन्ही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि दोन्ही सिलिंडर मोजा. दोघांत दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर रिंग किंवा हेड गॅस्केट. तसं असेल तर सकाळी सुरू होण्यालाही त्रास व्हायला हवा होता, म्हणून तुमच्या बाबतीत हा संशय मी मागे ठेवतो. पण पूर्वी कधी मशीन पाण्याविना चालून आवळलं असेल तर सांगा, मग हाच संशय पुढे येईल.

राहिला करंट आणि तुमचा सीडीआय. फुगा कडक आहे, टाकीचा स्क्रू उघडा आहे, प्लग ओले पण ओव्हरफ्लो काढूनही मशीन उठत नाही, अशा वेळीच करंट तपासा. साधा स्पार्क टेस्टर बाजारात मिळतो, तो होडीत ठेवा. प्लग ब्लॉकला टेकवून बघण्यापेक्षा तो बरा, कारण उघड्यावर बारीक गॅपमध्ये कमजोर करंटही उडी मारतो आणि आपण फसतो. प्लगची भोकं बंद करा, सांडलेलं पेट्रोल पुसा, वाफ जाऊ द्या, लेस परत लावा आणि मग ओढा. निळी, टणक आवाजाची ठिणगी हवी. नारिंगी, मधूनच पडणारी असेल तर करंट कमी आहे.

एकाच सिलिंडरला करंट नसेल तर त्या सिलिंडरची इग्निशन कॉइल, तिची वायर आणि प्लगची टोपी. दोन्ही कॉइल सारख्या असतील तर त्यांची अदलाबदल करून बघा, दोष कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला तर सापडला. दोन्ही सिलिंडरला एकदम करंट नसेल तर सगळ्यात आधी स्टॉप स्विच आणि लेसची जागा. खाऱ्या हवेने आत गंज धरतो आणि गरम झाल्यावर वायर अर्थ होते. तपासण्यापुरती त्या स्विचची वायर वेगळी करा. तेवढ्याने करंट आला तर सीडीआय तुमचा ठणठणीत आहे. वायर वेगळी असताना मशीन स्विचने बंद होणार नाही, चोक ओढून बंद करावं लागेल, हे लक्षात असू द्या, आणि तशा अवस्थेत मासेमारीला जाऊ नका. स्विच चांगला निघाला तर फ्लायव्हीलखालची पल्सर कॉइल (ठिणगी कधी पाडायची तो इशारा देणारी) आणि चार्ज कॉइल (सीडीआयला वीज देणारी). मल्टिमीटरने मोजताना एक लक्षात ठेवा, मॅन्युअलमधले आकडे साधारण २० अंशांचे असतात. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो, ७० अंशांना तो सुमारे २० टक्के जास्त दाखवतो, आणि तो बिघाड नसतो. गरम असताना आकडाच येत नसेल, किंवा काटा नाचत असेल, आणि गार झाल्यावर जागेवर येत असेल, तर ती कॉइल आतून तुटलेली आहे.

एवढं सगळं ठीक निघालं तर सीडीआय. त्याला मीटरने खात्रीने तपासता येत नाही, दुसरा लावूनच बघावा लागतो. तुमच्याच मॉडेलचं मशीन असलेला गावात कुणी ना कुणी असेल, त्याचा सीडीआय एका दुपारीपुरता मागून घ्या, खाडीत जाऊन मशीन तापवा, वीस मिनिटं थांबा आणि ओढा. सुरू झालं तर नवा विकत घ्या. दुकानात मात्र आधी विचारा, कारण करंटचे भाग एकदा बसवले की बरेच दुकानदार परत घेत नाहीत.